उलटीवरचं इंजेक्शन आणि उजवा कौल

माझ्या पित्ताशयातून निघालेला खडा एवढा मोठा होता, की डॉक्टरांनी तो बाटलीत घालून दाखवायला आणला तेव्हा सिस्टरला बाटली दोन्ही हातांनी धरावी लागली. आमचे हे म्हणतात, चण्याएवढा होता. ह्यांच्या म्हणण्याकडे फारसं लक्ष देऊ नका. हे एसटी स्टँडवर कंट्रोलर आहेत. लांजा गाडी घाटात कुठेतरी पंक्चर होऊन पडलेली असते, स्टँडवर माणसं बाकावर आडवी झालेली असतात आणि हे माइकवर शांतपणे सांगतात, 'गाडी थोड्याच वेळात येत आहे.' जगातली कुठलीही मोठी गोष्ट लहान करून सांगायची ह्यांना नोकरीने सवय लावली आहे. मी बालवाडीत शिकवते. तिथे वाघ एवढासा सांगितला तर पोरं उठून घरी जातात. त्यामुळे आमच्या घरी एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या निघतात, आणि नातेवाईक दोन्ही ऐकून मधलं काहीतरी धरतात.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण त्या दुपारी माझा जीव ह्याच एका गोष्टीवर टांगला होता. मी जे सांगते ते कोण किती धरतं, ह्या गोष्टीवर.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. रत्नागिरीतलंच एक लहानसं हॉस्पिटल, खाली मेडिकलचं दुकान, वर खोल्या, त्याच्या वर ऑपरेशन थिएटर. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वारा भरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोट फुगवून तंबू करतात आणि आत शिरून कामं करतात. नंतर तो वारा सगळा काही बाहेर जात नाही. माझा तर उजव्या खांद्यात येऊन बसला. पोट कापलंय आणि दुखतोय खांदा. मी सिस्टरला म्हटलं, "डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणाचं ऑपरेशन मला केलंय." ती हसली आणि सलाईनमध्ये दुखण्याचं औषध सोडून गेली.

त्या औषधाचं मला काही वाईट बोलायचं नाही. दुखणं गेलं. पण जाताना त्याने पोटातलं सगळं ढवळून ठेवलं. भिंत हलायला लागली, पंखा माझ्याभोवती फिरायला लागला, आणि ताजे टाके असलेल्या पोटाने मी ओकायला सुरुवात केली. ताज्या टाक्यांनी ओकणं काय असतं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही अर्धं धराल, आणि ते अर्धंसुद्धा तुम्हाला झेपणार नाही. मग सिस्टरने नळीतून उलटीवरचं इंजेक्शन दिलं. दोन घटकांत भिंत जागेवर आली. त्या इंजेक्शनला मी तोंडभर आशीर्वाद दिले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वासाने पुन्हा मळमळलं. सिस्टरने पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. आणि मग ते सुरू झालं.

काय सुरू झालं ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडलेला नाही, आणि शब्द न सापडणं ही माझ्या घराण्यात आजवर न घडलेली गोष्ट आहे. ते दुखणं नव्हतं. भीतीही नव्हती. पाय म्हणत होते, चल. कुठे ते सांगत नव्हते. आडवी झाले की उठावंसं वाटायचं, उठले की बसावंसं, बसले की चालावंसं. सलाईनचा स्टँड ढकलत मी कॉरिडॉरच्या टोकाला जायची, तिथली खिडकी शिवायची आणि परत यायची. पोटावरचे टाके ओरडायचे, तरी पाय थांबत नव्हते. कातडी उसवून बाहेर पडता आलं असतं तर मी पडले असते, नि कातडी तिथेच खुंटीला टांगून घरी गेले असते.

राऊंडला डॉक्टर आले. चांगला माणूस, हाताला गुण असलेला. पण आदल्या दिवशी ऑपरेशनच्या आधी मी त्याला आणि सिस्टरला सांगून बसले होते, की लहानपणी मला एका पाकट माशाने इथल्याच मांडवी बंदराच्या पाण्यातून गणपतीपुळ्यापर्यंत ओढत नेलं होतं आणि तिथे प्रसाद घेऊन आम्ही दोघं परत आलो होतो. ऑपरेशनच्या आधी माणसाने काहीतरी बोलायला नको का? नाहीतर भीती वाटते.

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणता आज?"

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या कातडीखाली तांबड्या मुंग्यांचा मोर्चा निघालाय. सगळ्या तालुक्यांतून आल्यात. कलेक्टर कचेरीवर चालल्यात, आणि मला धरून नेतायत. ही कॉटसुद्धा पळत्येय, मी धरून ठेवल्येय म्हणून अजून खोलीत आहे."

डॉक्टर हसले. सिस्टर हसली. शेजारच्या कॉटवर अपेंडिक्स काढलेली लांज्याच्या काजू कारखान्यातली एक बाई होती, तीसुद्धा टाके धरून हसली.

"तुमच्या मुंग्यांना माझा नमस्कार सांगा," डॉक्टर म्हणाले. "टेन्शन आहे, दुसरं काही नाही. ऑपरेशननंतर होतं असं. जरा चाला, बरं वाटेल."

"मी चालतच आहे," मी म्हटलं.

"मग छान." आणि ते वरच्या मजल्यावर पुढच्या ऑपरेशनला निघून गेले.

आता ह्यात मी काय खोटं बोलले? मुंग्या होत्या. चालल्या होत्या. कुठे चालल्या होत्या तेवढं मी माझ्याकडचं घातलं, कारण मोर्चा कुठेतरी जायला हवा. पण ज्या गोष्टीवर डॉक्टरने थांबून विचार करायला हवा होता, त्या गोष्टीवर तो हसून गेला, आणि हे मला तेव्हाच कुठेतरी टोचलं. मनात एक हिशेब जुळायला लागला होता. काल रात्री इंजेक्शन, त्यानंतर झोपेत पाय झाडत होते असं हे म्हणाले होते. आज सकाळी इंजेक्शन, आणि मुंग्या. मी ठरवलं, सिस्टर आता पुन्हा ते इंजेक्शन घेऊन आली की नको म्हणायचं. मला उलट्या झाल्या तरी चालतील. तोंडाने नको म्हणायला कितीसा वेळ लागतो.

दुपारी आत्या आली. आत्या म्हणजे ह्यांची आत्या, लांज्याच्या पुढच्या गावातून एसटीने, डब्यात पेज आणि वर बांगड्याचं लोणचं घेऊन. बांगड्याचं लोणचं सिस्टरने दारातच अडवलं. पेज आत आली. आत्याचा गावात मोठा मान. देवळात कौल लावायचा असला की गुरव आधी आत्या आली का ते बघतो. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांनी ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवीकडची कळी आधी पडली की देवीचा होकार, डावीकडची पडली की नकार. लग्नं, खटले, विहिरी, आंब्याची कलमं, आत्याच्या गावात सगळं असंच ठरतं. आणि कधी कुणाच्या अंगात देवीचं वारं आलं, तर कळ्यांचीही गरज नाही, देवी स्वतःच सांगते.

आत्या मला पेज भरवत होती. हे खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत होते. चमचा दातांवर आपटला. पुन्हा आपटला.

"तोंड उगड की गो," आत्या म्हणाली.

मी म्हणणार होते, की उघडतेच आहे. पण जबडा उजवीकडे सरकला होता. कुणी सरकवला नव्हता, आपणहून सरकला होता, आणि बोलायला गेले तर जीभ आत राहायला तयार नव्हती. ती बाहेर येत होती. मी ती आत घेत होते, ती बाहेर येत होती. जाड झाली होती, कुणा दुसऱ्याची असावी तशी. मी "अहो" म्हणायला गेले. "अ" एवढंच निघालं, तेही वाकडं.

ह्यांनी पेपरावरून पाहिलं.

"पुरे आता," हे म्हणाले. "पोटाला टाके आहेत."

ह्यांचा दोष नाही. आमच्या चुलत नणंदेच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला उशीर व्हायला लागला तेव्हा मी विंचू चावल्याचं असं काही सोंग आणलं होतं, की वधूपिता स्वतः रिक्षा बोलवायला धावला होता. रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हटलं होतं, 'आता खानावळीत चला.' एवढी वर्षं ह्यांनी माझी अशी सोंगं पाहिली आहेत. ह्यांनी पान उलटलं.

मग डोळे वर गेले.

हे कसं सांगू. मी डोळे वर केले नाहीत. कुणीतरी दोन्ही बुबुळांना दोरी बांधून छताकडे ओढली, आणि मला खाली बघता येईना. खोली नाहीशी झाली. मला फक्त छत दिसत होतं, त्यावरचा ओलीचा डाग आणि पंखा. आत्या नाही, हे नाहीत, माझे हातसुद्धा नाहीत. आणि त्याच वेळी मान वळायला लागली. उजवीकडे. हळूहळू, जिवाच्या कराराने, खांद्याच्याही पलीकडे. मानेच्या शिरा अशा ताणल्या, की त्यांवर वाळवण टाकता आलं असतं. मला सगळं कळत होतं. शुद्ध हरपली असती तर बरं, पण शुद्ध टक्क जागी होती, आणि आत बसून बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकत होती.

पेजेचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हा साधा न्हाय," आत्या हळूच म्हणाली. "वारा हाय हा. आई आली."

माझ्या कपाळावर अंगारा लागला. आत्याच्या कमरेच्या चंचीत गावदेवीच्या अंगाऱ्याची पुडी कायम असते. मग तिचा आवाज बदलला. देवळात गाऱ्हाणं घालताना निघतो तो आवाज, खालच्या पट्टीतला, न थांबणारा.

"हे आई, बारा गावांची राखणदारीण, तुजी सून हिता परमुलखात दवाखान्यात पडलीय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," शेजारच्या कॉटवरून काजू कारखान्यातली बाई म्हणाली. तिलाही दम लागत होता, पण गाऱ्हाण्याला हुंकार देणारं कुणी नसलं तर ते पुरं होत नाही, आणि ती तिकडचीच होती.

"तिच्या हातून काय चुकलामाकला असंल तर पोटात घाल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तिचा तोंड जरा जास्त चालतां, त्याची माफी दे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," ती बाई जरा जास्तच मनापासून म्हणाली. एका दिवसाची ओळख होती आमची.

मला ओरडायचं होतं, की मी देवी नाही, मी तुझी सून आहे, माझा गळा आवळतोय. कारण आता गळ्यातही काहीतरी सुरू झालं होतं. श्वास येत होता, पण दारातून वाकून यावं तसा येत होता.

आणि आत्याने संधी सोडली नाही. देवी आली आहे, मान वळवते आहे, म्हणजे कौल देते आहे. आत्याने विचारलं.

"आई, माजा बारका मुंबैची खोली इकून गावाला ऱ्हायला येतो म्हनतो. येऊ दे काय? उजवा दे न्हायतर डावा दे."

ह्या बारक्याला मी ओळखते. तो गावात आला की आधी आत्याची गाय विकणार, मग काजूची बाग, आणि मग सावलीत बसून सगळ्यांना धंद्याचा सल्ला देणार. त्याला येऊ देऊ नये हे सांगायला देवी लागत नाही. मी त्या अवस्थेतसुद्धा, खरं सांगते, सगळा जीव एकवटून मान डावीकडे वळवायचा प्रयत्न केला. मान आणखी उजवीकडे गेली. हनुवटी खांद्याला टेकली.

"उजवा," आत्या म्हणाली.

"उजवा दिला," शेजारची बाई म्हणाली. "सोच्छ दिला."

मग माझ्या घशातून एक आवाज निघाला. जबडा ताडकन उघडला, जीभ बाहेर, आणि खोलवरून 'ऑक' असा. उलटी नव्हती. पण ऐकणाऱ्याला काय कळणार. शेजारच्या बाईने बेलचं बटण दाबलं.

"सिस्टर, हिला ओकारी येत्येय परत."

दारातून सिस्टरचा आवाज आला, "आणते हं. उलटीचं लिहिलेलंच आहे."

मी छताकडे बघत होते. छतावरचा डाग अगदी स्पष्ट दिसत होता. आणि मला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं, की आज मी मरेन, आणि मरताना काय झालं ते सांगायला मी नसेन. ते हे सांगतील. 'थोडा त्रास झाला,' असं सांगतील.

चपलांचा आवाज जवळ आला. ट्रे टेबलावर ठेवला. मग इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची मान मोडल्याचा आवाज, टक. मी हात हलवला. सुई टोचलेली जागा दुसऱ्या हाताने झाकायला गेले. हात मला दिसत नव्हता, पण अंदाजाने गेला. आत्याने तो धरला.

"धरून ठेवते मी," ती म्हणाली. "वाऱ्यात माणूस हात झाडतां. सुई मोडंल."

आत्याचे हात म्हणजे चिरेखाणीतून काढलेले. मी सुटायला बघत होते, ती घट्ट धरत होती. प्रेमाने धरत होती. त्याने ते जास्तच भयंकर होतं. सिस्टरने नळीचं झाकण काढल्याचं मला हातावर जाणवलं.

"थांबा, सिस्टर."

ह्यांचा आवाज. पेपर खाली पडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ह्यांनी तो आधीच नीट घडी घालून ठेवला असणार.

"अहो, डॉक्टरांनीच लिहिलंय," सिस्टर म्हणाली.

"लिहिलं असेल. ही नाटक करत नाहीये."

"मी कुठे म्हटलं नाटक?"

"मी म्हणत होतो," हे म्हणाले. "आत्तापर्यंत. पण नाटक असतं तर ही एव्हाना बोलली असती. ही नाटक करताना गप्प बसत नाही. इतका वेळ ही कधीच गप्प बसलेली नाही."

"ती कशी बोलंल?" आत्या म्हणाली. "आई आलीय अंगात."

"आत्या, आई आली असती तर हिने आईलाही बोलू दिलं नसतं."

कुणी हसलं नाही.

"सकाळी इंजेक्शन दिल्यापासून ही जागेवर बसलेली नाही," हे म्हणाले. "मुंग्या म्हणत होती. ह्या इंजेक्शननंतरच चाललंय हे. डॉक्टरांना बोलवा."

"डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. मी निरोप पाठवते, पण उलटी थांबवायला हे..."

"मग दुसऱ्या कुणाला बोलवा."

"हो, पण तोवर..."

तोवर हे उठले, आणि मी आजवर ह्यांना केलेलं न पाहिलेलं काहीतरी ह्यांनी केलं. मला दिसलं नाही, मी फक्त ऐकलं. ह्यांनी टेबलावरचा सबंध ट्रे उचलला, सुईसकट, कुपीसकट, बँडेजसकट, आणि खोलीतून बाहेर पडले. सिस्टर "अहो, अहो" करत मागे गेली. जिन्यावर ह्यांच्या चपला वाजल्या. ट्रेमध्ये काचा वाजल्या. मग काही नाही.

खोलीत मी, आत्या, शेजारची बाई आणि छत.

आत्याने गाऱ्हाणं थांबवलं होतं. माझा हात अजून तिच्या हातात होता, पण आता ती धरत नव्हती, नुसता घेऊन बसली होती. माझा श्वास आत जाताना घशात कुईं असा आवाज करत होता, रात्री दाराचं बिजागर करतं तसा. तो आवाज आत्याने ऐकला. देवी असा आवाज करत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

"बाय माजे," ती म्हणाली, आणि हा आवाज देवळातला नव्हता. "श्वास घे गो. हळूहळू घे. मी हाय."

मी घेतला. दुसरा घेतला. पुढचा येईल का ह्याची खात्री नसताना माणूस फक्त एकेकच घेतो.

वरच्या मजल्यावरून एक आवाज आला. सगळ्या हॉस्पिटलने ऐकला असेल. तो ह्यांचा स्टँडवरचा आवाज होता, माइकशिवाय.

"माझी बायको मरत्येय. कुणीतरी खाली या."

'थोडा त्रास होतोय' नाही. 'जरा येऊन बघता का' नाही. हा माणूस, ज्याने बंद पडलेल्या गाड्यांनाही कधी बंद म्हटलं नाही, तो जिन्यात उभा राहून हे बोलला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. ऑपरेशन चालू असताना सर्जनला हलता येत नाही, पण आतल्या पेशंटला फक्त कमरेखाली भूल होती, म्हणून ह्या बाई नेमक्या पुढच्या पेशंटची तयारी बघायला बाहेर आल्या होत्या आणि ट्रे धरलेल्या माणसाशी त्यांची दारातच टक्कर झाली होती. त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला, मान सरळ करायला बघितली, डोळे पाहिले, आणि विचारलं ते फक्त सिस्टरला.

"उलटीवर काय देताय हिला?"

सिस्टरने नाव सांगितलं.

"कितीदा?"

सिस्टरने सांगितलं.

"हे भरलेलं फेकून द्या. पुन्हा द्यायचं नाही." मग त्या माझ्या कानाशी आल्या. "ऐकू येतंय तुम्हाला, मला माहीत आहे. ह्या औषधाने कुणाकुणाचे असे स्नायू आखडतात. दिसायला फार वाईट, पण ह्याला उतारा आहे. आत्ता देते. थोड्या वेळात सुटेल."

थोड्या वेळात. माझ्या आयुष्यात हे दोन शब्द मी इतक्यांदा माइकवर ऐकलेत, की माझा त्यांवर काडीचा विश्वास उरलेला नाही. मी वाट बघत राहिले. हातात काहीतरी गार शिरलं. पंखा फिरत होता. कुईं, कुईं. आत्या काहीतरी पुटपुटत होती, गाऱ्हाणं नसावं, नुसतं 'येईल, येईल' असं. हे कॉटच्या पायथ्याशी उभे होते हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की कुणीतरी माझा पाय घट्ट धरला आहे.

आधी घसा सुटला. श्वास एकदम मोठा आत आला, इतका मोठा की खोलीतली हवा संपली असणार. मग जीभ घरी आली. डोळे खाली उतरले, आणि छताच्या जागी आत्याचं तोंड दिसलं, अंगाऱ्याने माखलेली तिची बोटं दिसली. शेवटी मान. एकेक दोर कापल्यासारखी ती सुटत गेली आणि उशीवर मधोमध येऊन पडली. मी हलवून बघितली. डावीकडे वळली.

"आत्या," मी म्हटलं. जीभ जड होती, पण माझीच होती. "डावा. बारक्याला डावा."

आत्याने माझ्या तोंडावरून पदर फिरवला. "आता आई गेली," ती म्हणाली. "आता सांगतेस ता तुजा."

बारका पुढच्या महिन्यात खरंच गावाला आला. गाय अजून आहे. बाकीचं मी बोलत नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले, त्यामुळे मला कळलं की त्यांना वाईट वाटलंय. उभ्याने राऊंड घेणारे डॉक्टर बसले की काहीतरी असतं.

"सकाळीच सांगायला हवं होतंत," ते म्हणाले. "सकाळची ती बेचैनीसुद्धा त्याचीच होती."

"सांगितलं होतं."

"तुम्ही मुंग्यांचा मोर्चा म्हणालात."

"तुम्ही त्यांना नमस्कार सांगितलात," मी म्हटलं.

त्यावर मी पुढे काही घातलं नाही. मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. कधी काय झालं, आधी जबडा की डोळे, श्वासाचं कधी. मी जसं झालं तसं सांगितलं. एक शब्द जास्त नाही. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. सांगताना एकदा हात वर गेला, तर तो मी पांघरुणाखाली घातला.

"पुढे कुठेही कसलंही ऑपरेशन झालं, तर आधी ह्या औषधाचं नाव सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "हे मला चालत नाही म्हणून. विसरायचं नाही."

त्यांनी ते माझ्याकडून घोकून घेतलं. मग ह्यांच्याकडून. मग 'मला पन सांगा' म्हणून आत्यानेही ते म्हटलं, आणि तिच्या तोंडी ते औषध एखाद्या ग्रामदेवतेचं नाव वाटायला लागलं.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी सुखाने संपवलं असतं. पण खांद्यातला वारा अजून खांद्यातच होता, आणि दिवेलागणीला दुखणं असं उसळलं, की दुखण्याचं औषध पुन्हा द्यावं लागलं. त्याच्या मागोमाग मळमळ आली. आणि मळमळीच्या मागोमाग दारात सिस्टर, हातात ट्रे.

"हे वेगळं आहे," ती घाईने म्हणाली. "डॉक्टरांनी बदलून दिलंय. ह्याने तसं होत नाही. ह्याने फार तर डोकं दुखेल, पोट साफ व्हायला त्रास होईल."

मी हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मान आपोआप ताठ झाली, भीतीने, औषधाने नव्हे, पण मला फरक कुठला कळणार. मळमळ वर येत होती, टाके ताणत होते, आणि मी हात बाहेर काढत नव्हते.

हे उठले. सिस्टरच्या ट्रेमधली कुपी उचलली, चष्मा कपाळावर ढकलून जवळ धरली, आणि तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. मग दुपारचं नाव उच्चारलं. मग पुन्हा कुपीवरचं. दोन गाड्यांचे फलाट वेगवेगळे आहेत हे प्रवाशांना समजावून सांगावं, तसं.

"वेगळं आहे," हे मला म्हणाले. "घे."

"आणि पुन्हा झालं तर?"

"मी इथेच आहे."

"तुम्हाला कसं कळणार? दुपारी तुम्ही पेपर वाचत होतात."

ह्यांनी पेपर आत्याच्या हातात दिला.

"तू बोलत राहा," हे म्हणाले. "गप्प झालीस की मला कळेल."

मी हात बाहेर काढला. सिस्टरने हळूहळू, अगदी हळूहळू औषध सोडलं. आणि मी बोलायला लागले. जे तोंडात आलं ते. म्हटलं, एकदा आरे-वारेच्या पुळणीवर मला एक खेकडा भेटला होता, त्याच्या पाठीवर दोन माणसं बसून पत्ते खेळत होती, आणि एक माणूस हरत होता, कारण खेकडा त्याची पानं दुसऱ्याला दाखवत होता. आत्या म्हणाली, 'कसला खेकडा गो?' मी म्हटलं, चिंबोरी, पण कोल्हापुरातल्या म्हशीएवढी. शेजारची बाई म्हणाली, 'हसवू नका, टाके हायत.' मी हसवत नव्हते. माझा एक कान गळ्याकडे लागला होता, एक जिभेकडे. दर वाक्याला मी जीभ दातांना लावून बघत होते, आहे ना जागेवर. खेकड्याने तोवर हरणाऱ्याला कर्ज दिलं होतं.

मध्येच मी थांबले. नुसता श्वास घ्यायला.

ह्यांचं बोट माझ्या मनगटावर आलं, सुईच्या जागेच्या वरच्या बाजूला. चेहरा अगदी जवळ आला. डोळे माझ्या डोळ्यांवर.

"मग पुढे काय झालं?" ह्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून हा प्रश्न ह्यांनी मला कधी विचारला नव्हता. पुढे काय झालं ते मलाही ठाऊक नव्हतं. मी जीभ हलवून बघितली, मान जराशी डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि सांगायला लागले.